चालता धंदा आणि आयता वारसा
(एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाकडून)

धंद्याच्या नफ्यावर सरकारनें किती कर घ्यावा, आणि मयत मनुष्याची दौलत वारसांच्या हातीं जातांना तींत सरकारचा कांहीं वांटा असावा कीं नाहीं, हे दोन्ही प्रश्न शहरांतल्या पेढीवाल्यांचे आहेत, कुणब्याचा त्यांशीं संबंध काय, असें आमच्या पुष्कळ वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु सन २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं वारसाकराची नुसती गोष्ट निघाली मात्र, तोंच "आतां बापाची जमीनही सरकार घेणार" असें चावडीपासून आठवडे बाजारापर्यंत ऐकूं येऊं लागलें. कर बसला नव्हता, बसविण्याचें बिलही कोणीं आणलें नव्हतें. तथापि धास्ती मात्र घरोघर पोंचली. ज्या कराची झळ आपणांस लागण्याचा संभव सर्वांत थोडा, त्याचीच धास्ती आपण सर्वांत अधिक घ्यावी, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत, तलाठ्यांचीं दप्तरें तपासण्यांत आणि वारसांच्या नोंदी पाहण्यांत गेली. तो अनुभव व जाहीर झालेले कायदे यांवरून माझें मत असें बनलें आहे कीं, चालत्या धंद्यावरील कर हलका आणि सरळ असावा, आयत्या मोठ्या वारशावरील कर वाजवी पण अटळ असावा, आणि अशा व्यवस्थेस शेतकऱ्यांनीं विरोध न करितां उलट ती मागावी. हें मत कशावरून बनलें तें क्रमानें सांगतों.

प्रथम आपला वारसा म्हणजे काय तें पाहूं. खातेदार मयत झाला म्हणजे वारसांनीं तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्यावी लागते. गांव नमुना ६-क या वारस नोंदवहींत नांवें येतात, फेरफार पडतो, तो मंजूर झाला म्हणजे सातबाऱ्यावर एका नांवाच्या जागीं चार नांवें चढतात. मुलगे, मुली, विधवा, सर्वांचे हिस्से लागतात. जमीन तेवढीच राहते, नांवें वाढतात. शेतकी गणनेप्रमाणें महाराष्ट्रांत सन १९७०-७१ सालीं एका खात्याचें सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. तें सन २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरांवर आलें. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आठ दिवसांतून अर्धा दिवस, अशा वांटण्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस या आंकड्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको. तात्पर्य, शेतकऱ्याचा वारसा पिढीगणिक तुटत जातो. शेअर, कारखाने, शहरांतील इमारती यांचा वारसा मात्र बहुधा पिढीगणिक वाढत जातो. कराचा विचार करतांना या दोहोंस एकच शब्द लावल्यामुळेंच सारा घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वारशावर मर्यादा घालणारा कायदा आपल्या राज्यांत आजही आहे, आणि तो केवळ शेतकऱ्यालाच लागू आहे. सन १९६१ चा शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा व त्यांत सन १९७५ मध्यें अमलांत आलेली दुरुस्ती यांप्रमाणें साधारण कुटुंबास बारमाही बागाईत असेल तर १८ एकर व कोरडवाहू असेल तर ५४ एकर, याहून अधिक जमीन ठेवतां येत नाहीं. वारशानें जमीन येऊन एकूण क्षेत्र मर्यादेबाहेर गेलें तरी जादा क्षेत्र सुटत नाहीं. हा कायदा भूमिहीनांच्या हितासाठीं झाला, आणि त्याचा हेतु योग्यच होता. परंतु याच तत्त्वावर शहरी जमिनीसाठीं सन १९७६ मध्यें कमाल धारणेचा कायदा झाला होता, त्याचें काय झालें? केंद्र सरकारनें तो सन १९९९ मध्यें रद्द केला आणि महाराष्ट्रानें ती रद्दबातलता सन २००७ च्या नोव्हेंबरांत स्वीकारली. म्हणजे शहरांतील भूखंडावर मर्यादा उरली नाहीं. शेअर, रोखे व ठेवी यांवर ती कधींच नव्हती. आणि खेड्यांतील काळ्या आईवर मात्र ती कायम आहे. कोरडवाहू ५४ एकरांच्या धन्यास समाजहितासाठीं थांब म्हणून सांगणाऱ्या सरकारनें शेंकडों कोटींच्या वारसास "थोडा वांटा दे" एवढेंही सांगूं नये, हा न्याय कोणता?

आतां असा कर आपल्या देशांत पूर्वीं होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. रायगडच्या परिसरांत जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे देशाचे अर्थमंत्री असतांना सन १९५३ मध्यें संपदा शुल्काचा कायदा झाला व त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून अमलांत आला. लोक त्यास मृत्युकर म्हणत. प्रारंभीं सामान्यतः एक लाख रुपयांपर्यंतची मिळकत माफ असे, आणि एकत्र कुटुंबांतील हिश्शास पन्नास हजारांपर्यंत माफी असे. पुढें सन १९५७ मध्यें संपत्तिकर व सन १९५८ मध्यें दानकर आला. मृत्युकराचे दर चढत चढत वरच्या थरास, म्हणजे वीस लाखांच्या पुढील मिळकतीस, ८५ टक्क्यांपर्यंत गेले. इतका मोठा दर, म्हणून इतकें मोठें उत्पन्न, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. सन १९८५ मध्यें अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनीं हा कर काढून टाकला तेव्हां साऱ्या देशांतून त्याचें उत्पन्न वर्षास सुमारें २० कोटी रुपयेच होतें, आणि त्या मानानें वसुलीचा खर्च फार होता. दानकर सन १९९८ मध्यें गेला, आणि संपत्तिकर सन २०१५ च्या अंदाजपत्रकानें उठला.

हा इतिहास वारसाकराच्या विरोधकांचें मुख्य शस्त्र आहे. "एकदां करून पाहिलें, फसलें," असें ते म्हणतात. परंतु कां फसलें तें पाहिलें पाहिजे. ज्यानें वसुलीचें काम केलें आहे त्यास हें कारण चटकन् उमगेल. माफीची मर्यादा इतकी खालीं होती कीं मध्यम स्थितीच्या माणसाच्या घराचेंही मूल्यांकन करावें लागे. त्यामुळें कागद फार व पैसा थोडा. दर इतका वर होता कीं ज्याच्याजवळ खरोखर पैसा होता तो वकिलाच्या साह्यानें तो जिवंतपणींच विश्वस्त निधींत, एकत्र कुटुंबांत वा नातेवाइकांच्या नांवें वळवून ठेवी. शिवाय तीच मिळकत जिवंतपणीं संपत्तिकरास व मरणानंतर मृत्युकरास पात्र, आणि दोहोंचीं मूल्यांकनें निराळीं. त्यामुळें कज्जे वाढले. जाळें बारीक विणल्यानें लहान मासे अडकले आणि मोठे तें फाडून गेले. यावरून मासेच धरूं नयेत असें ठरत नाहीं; जाळें बदलावें असें ठरतें.

शेतजमिनीविषयीं तर घटनेनेंच निराळी तजवीज केली आहे. शेतजमीन सोडून इतर मिळकतीवरील संपदा शुल्क हा केंद्राच्या यादींतला विषय आहे. शेतजमिनीवरील शुल्क राज्याच्या यादींत आहे. म्हणजे उद्यां दिल्लींत वारसाकराचा कायदा झाला तरी आपली राज्याची विधानसभा राजी झाल्याखेरीज तो शेतजमिनीस लागूं शकत नाहीं. निवडणुकींतील आरोळीनें घाबरलेल्या बांधवांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

तरीही सावधगिरी हवी, आणि ती कशी हवी हें इंग्लंडच्या ताज्या उदाहरणावरून कळतें. तेथें सन १८९४ पासून या ना त्या रूपानें मृत्युकर आहे. सध्यां सव्वातीन लाख पौंडांवरील मिळकतीस सामान्यतः ४० टक्के दर आहे. शेतीच्या मिळकतीस सन १९९२ पासून बहुधा संपूर्ण माफी होती. परिणाम असा झाला कीं ज्यांनीं कधीं नांगर धरला नाहीं असे धनिकही कर चुकविण्याकरितां शेतजमीन घेऊं लागले. सन २०२४ च्या ऑक्टोबरांत तेथील सरकारनें ही माफी दहा लाख पौंडांपर्यंत ठेवून त्यावर निम्म्या दरानें, म्हणजे २० टक्के, कर सन २०२६ च्या एप्रिलपासून घेण्याचें ठरविलें. त्याबरोबर नोव्हेंबरांत हजारों शेतकरी लंडनांत जमले. त्यांचें म्हणणें असें कीं, आमच्या जमिनीची किंमत कागदावर मोठी दिसते, पण वर्षाची मिळकत थोडी. कर भरावयाचा तर शेतच विकावें लागेल. अखेर सन २०२५ च्या डिसेंबरांत सरकारनें माफीची मर्यादा पंचवीस लाख पौंडांपर्यंत वाढविली. यांतून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. कसणाऱ्या वारसास माफी न दिली तर शेत मोडतें. आणि न कसणाऱ्यासही ती दिली तर शेत हें धनिकांच्या पैशाचें लपण्याचें ठिकाण होतें.

आतां धंद्यावरील कराकडे वळूं. महसुलाच्या नोकरींत एक गोष्ट मनावर पक्की ठसते. शेतसारा जमिनीवर बसतो, पिकावर बसत नाहीं. पीक आलें काय किंवा बुडालें काय, आकार तोच. म्हणूनच पैसेवारी काढावी लागते आणि ती पन्नास पैशांच्या आंत आली म्हणजे सवलतींचा विचार करावा लागतो. जुन्या मुंबई इलाख्यांतील बारडोली तालुक्यांत सन १९२८ मध्यें २२ टक्के सारावाढीविरुद्ध सत्याग्रह झाला, आणि मागाहून झालेल्या चौकशींत सुमारें ६ टक्क्यांपेक्षां अधिक वाढ न्याय्य नाहीं असें निघालें. नफा न पाहतां घेतलेला कर कसा जाचतो याचा अनुभव शेतकऱ्याइतका दुसऱ्या कोणास नाहीं. म्हणून धंद्याच्या बाबतींतही आमचें म्हणणें हेंच असलें पाहिजे कीं कर खऱ्या नफ्यावर घ्यावा, आणि नफा कशास म्हणावें हें आधीं स्पष्ट ठरवावें.

याचें उदाहरण आपल्या सहकारी साखर कारखान्यांचेंच घ्या. केंद्रानें ठरविलेल्या किमान भावापेक्षां कारखान्यांनीं उसास अधिक भाव दिला, तेव्हां आयकर खात्यानें सांगितलें कीं हा जादा भाव म्हणजे नफ्याची वांटणी आहे, सबब त्यावर कर भरा. कारखाने म्हणाले, ऊस हा आमचा कच्चा माल, त्याची किंमत हा खर्च. हा वाद वर्षानुवर्षें चालला. तासगांव तालुका कारखान्याच्या प्रकरणांत सन २०१९ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं जादा भावांत नफ्याचा अंश किती तो तपासून तेवढाच वेगळा काढावा. सन २०१६-१७ या आकारणी वर्षापासून पुढें सरकारनें ठरविलेल्या वा मंजूर केलेल्या भावाइतकी रक्कम खर्च धरावी अशी दुरुस्ती झालीच होती. त्यामागील वर्षांचा प्रश्न सन २०२३ च्या अंदाजपत्रकानें सोडविला, आणि त्यायोगें कारखान्यांस सुमारें दहा हजार कोटी रुपयांची सूट मिळेल असें अर्थमंत्र्यांनीं सांगितलें. नफ्याची व्याख्या संदिग्ध राहिली म्हणजे इतक्या रकमेची टांगती तलवार उत्पादकांच्या डोक्यावर किती काळ राहते, तें यावरून दिसतें.

कंपन्यांच्या दराची गोष्ट निराळी. सन २०१९ च्या सप्टेंबरांत, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांस कराचा मूळ दर २२ टक्के करण्यांत आला, आणि नव्या कारखानदारी कंपन्यांस ठराविक मुदतीपुरता १५ टक्के. सरकारच्याच अंदाजानें यांत वर्षास १ लाख ४५ हजार कोटींचें उत्पन्न सोडावें लागणार होतें. त्याच वेळीं तालुक्याच्या गांवीं दोन भाऊ भागीदारीनें अवजारांचा कारखाना चालवितात, त्यांच्या पेढीस मात्र नफ्यावर ३० टक्के. मोठ्यास हलका व लहानास भारी, हें उफराटें आहे. कंपनीचा समर्थक म्हणेल कीं आमचा नफा लाभांश होऊन भागधारकाच्या हातीं आला म्हणजे त्यावर पुन्हां कर लागतो. तें खरें आहे. पण नफा लाभांश म्हणून बाहेर काढलाच नाहीं, कंपनींतच ठेवला, तर शेअरची किंमत वाढते. धनी वारला म्हणजे तेच शेअर एक पैही कर न देतां मुलाकडे जातात. मुलानें विकले तर वाढीवर कर लागेल. न विकले तर तो पिढ्यान् पिढ्या लागणारच नाहीं.

याच ठिकाणीं धंद्याचा कर आणि वारशाचा कर हे दोन प्रश्न एकमेकांस मिळतात, आणि माझ्या मतें साऱ्या वादाचें मर्म येथें आहे. धंदा चालू असतांना नफा पुन्हां धंद्यांत घातला तर लोकांस काम मिळतें, यंत्रें येतात, मालास गिऱ्हाईक मिळतें. म्हणून त्यावर हलका कर असण्यास हरकत नाहीं. परंतु ही सवलत दिली ती धंदा वाढावा म्हणून. वारसानें धंदा उभारलेला नसतो. तेव्हां जी वाढ चालकाच्या हयातींत करावांचून सोडली, तिचा हिशेब निदान हस्तांतराच्या वेळीं एकदां व्हावा, हें सरळ आहे. "एकाच पैशावर दोनदां कर" हा आक्षेप येथें टिकत नाहीं, कारण त्या वाढीवर पहिलाच कर लागलेला नसतो.

मग हा न घेतलेला कर भरतो कोण? आपण भरतों. रासायनिक खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के वस्तु-सेवा कर आहे. ट्रॅक्टरवरील कर सन २०२५ च्या सप्टेंबरांत १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हें स्वागतार्ह आहे. परंतु व्यापारी आपल्या खरेदीवरील कर विक्रीच्या करांतून वजा करून घेतो. शेतकऱ्याचा माल करमुक्त म्हणून त्यास ती वजावट मिळत नाहीं, आणि खरेदीवरील कर त्याच्याच अंगावर राहतो. दहा हजार कोटींचा वारस आणि दहा गुंठ्यांचा वारस हे दोघेही दुकानांत तोच कर देतात. पण मोठा वारसा मिळाल्याबद्दल पहिल्यास कांहींच द्यावें लागत नाहीं.

आक्षेप आणखीही आहेत. कर बसला तर भांडवल परदेशीं जाईल, हा त्यांपैकीं मोठा. स्वीडननें सन २००४ च्या अखेरीस वारसाकर काढला, ऑस्ट्रेलियानें त्याच्याही पूर्वीं काढला, हें नाकारतां येत नाहीं. तथापि जपानांत वरचा दर ५५ टक्के आहे, आणि अमेरिकेंत फार मोठी माफी ठेवून त्यावर ४० टक्क्यांपर्यंत आहे. त्या देशांतील धंदे कांहीं ओस पडले नाहींत. भय ८५ टक्क्यांचें असावें; माफक दरासाठीं देश सोडून जाणारे थोडेच निघतील.

आतां एक कटु गोष्ट आपल्याच घरची. शेतीचें उत्पन्न आयकरांतून सन १८८६ च्या कायद्यापासून मुक्त आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याची स्थिति पाहतां तें मुक्त राहिलेंच पाहिजे. परंतु या मुक्ततेच्या सावलींत शेतकरी नसलेले किती लोक बसतात! शहरांत धंदा करावयाचा, नांवावर चार एकर फळबाग दाखवावयाची आणि धंद्याचा पैसा डाळिंबांचा म्हणून हिशेबांत घालावयाचा, ही युक्ति कोणास ठाऊक नाहीं? शेतीच्या उत्पन्नाच्या सवलती पुरेशी छाननी न करितां मंजूर होतात, असें महालेखापरीक्षकांनीं सन २०१९ च्या अहवालांत दाखविलें आहे. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असतांना सन १९७२ मध्यें डॉ. राज यांच्या समितीनें मोठ्या शेतीवर उत्पन्नक्षमतेच्या मानानें कर सुचविला होता; तो अमलांत आला नाहीं. तो आज जसाचा तसा घ्यावा असें मी म्हणत नाहीं. पण ज्याच्या सातबाऱ्यावरील क्षेत्र व पीकपाहणी यांशीं त्याचें सांगितलेलें उत्पन्न जुळत नाहीं, त्याची चौकशी होऊं द्यावी. चोरास आसरा दिला म्हणजे घरधन्यावरही संशय येतो. आपण दुसऱ्याच्या वारशाचा हिशेब मागणार असूं, तर आपल्या नांवाखालीं लपणाऱ्यांस बाहेर काढण्याची तयारी दाखविली पाहिजे.

सारांश, शेतकरी संस्थांनीं पुढील मागण्या एकमुखानें कराव्यात असें मला वाटतें. पहिली, वारसाकर मयताच्या एकूण मिळकतीवर न बसवितां प्रत्येक वारसास मिळालेल्या हिश्शावर बसवावा, आणि दर वारसामागें दहा कोटी रुपयांपर्यंत संपूर्ण माफी असावी. दुसरी, त्यापुढें दर १० टक्क्यांपासून सुरू व्हावा आणि २५ टक्क्यांवर कधींही जाऊं नये. तिसरी, कमाल धारणेच्या आंतील शेतजमीन वारस स्वतः कसत आहे तोंवर ती हिशेबांतच धरूं नये. बिगरशेती करून विकली तर मात्र धरावी. चवथी, चालता कारखाना वा दुकान मोडूं नये म्हणून कर दहा वार्षिक हप्त्यांनीं भरण्याची मुभा असावी. पांचवी, धंद्याच्या नफ्यावरील दर कंपनी, भागीदारी व सहकारी संस्था यांस सारखा असावा, आणि लहानास मोठ्याहून अधिक कधींच नसावा. सहावी, मिळालेल्या उत्पन्नांतून खतें, औषधें व अवजारें यांवरील कर उतरवावा.

यांतील आंकडे कोणीं कमीअधिक करूं म्हटलें तर माझा आग्रह नाहीं. आग्रह तत्त्वाचा आहे. जमिनीच्या वारशास मर्यादा घालून घेतलेला वर्ग या देशांत शेतकऱ्यांचा आहे. तेव्हां इतरांच्या वारशाविषयीं प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार त्याचाच. पुढच्या निवडणुकींत कोणी पुन्हां "तुमची जमीन जाईल" अशी आरोळी ठोकील, तेव्हां त्यास शांतपणें विचारावें, "माझी जमीन किती आहे तें सातबाऱ्यावर लिहिलें आहे, तुझी दौलत कोठें लिहिली आहे?"